देलाक्र्वाच्या रोजनिशीतील निर्मितिविचार : विस्मरण, रेखाटन आणि पूर्णत्व

१

कलावंताने स्वतःच्या निर्मितीविषयी जे लिहून ठेवलेले असते, त्याचा समीक्षकाने कोणत्या मर्यादेत उपयोग करावा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. या बाबतीत आपल्याकडे दोन टोकाच्या भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार कलावंत हा आपल्या निर्मितीचा प्रत्यक्ष साक्षीदार असल्यामुळे त्याचे म्हणणे अखेरचे मानावे. दुसरीनुसार कलाकृती एकदा निर्माण झाली की ती स्वयंपूर्ण असते आणि कर्त्याच्या कबुलीजबाबाचा तिच्या मूल्यमापनाशी काही संबंध उरत नाही. पहिल्या भूमिकेत श्रद्धा अधिक आहे, दुसरीत तर्काची घाई आहे. या दोहोंच्या मधली वाट चोखाळता येते काय, हे एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी यूजेन देलाक्र्वा (१७९८–१८६३) या फ्रेंच चित्रकाराची रोजनिशी निवडली आहे.

ही रोजनिशी देलाक्र्वाने ३ सप्टेंबर १८२२ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी लिहावयास घेतली. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात 'दान्तेची नौका' हे त्याचे चित्र लागून त्याचे नाव झाले होते. स्वतःपुरते लिहावे, स्वतःशी खरे राहावे आणि त्या योगे आपल्यात काही सुधारणा घडावी, इतकाच त्याचा प्रारंभीचा संकल्प होता. दोन वर्षांनंतर, १८२४ मध्ये, हे लेखन थांबले. पुढे १८४७ च्या जानेवारीत त्याने पुन्हा लेखणी उचलली आणि मृत्यूच्या काही आठवडे आधीपर्यंत ती खाली ठेवली नाही. मधली १८४८ ची वही मात्र एका भाडोत्री गाडीत विसरल्यामुळे कायमची हरवली. त्याच्या निधनानंतर तीस वर्षांनी, १८९३ ते १८९५ या काळात, रोजनिशी प्रथम तीन खंडांत छापली गेली. आंद्रे झुबँ यांची आवृत्ती १८३२ च्या प्रवासानंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९३२ साली आली, आणि मिशेल हानूश यांची सुधारित व विस्तृत आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.

या कालक्रमात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १८२४ ते १८४७ ही जी तेवीस वर्षे रोजनिशीत रिकामी आहेत, त्याच वर्षांत 'सार्दानापालसचा मृत्यू', 'जनतेला वाट दाखविणारी स्वातंत्र्यदेवता' आणि 'अल्जिअर्सच्या स्त्रिया' ही त्याची सर्वविश्रुत चित्रे झाली. म्हणजे ज्या काळात त्याचा हात सर्वांत धीटपणे चालत होता, त्या काळात त्याची लेखणी जवळजवळ मूक होती; आणि निर्मितीविषयीचे त्याचे परिणत चिंतन आपल्या हाती येते, ते पन्नाशीच्या उंबरठ्यावरील व त्यापुढील देलाक्र्वाचे. या चिंतनाला निर्मितीचे समकालीन वृत्त मानणे यास्तव चुकीचे ठरेल. अपवाद फक्त मोरोक्कोच्या प्रवासातील टिपणवह्यांचा; पण त्यांत नोंदी आहेत, मीमांसा नाही.

मग या रोजनिशीचे मोल कशात आहे? माझे प्रतिपादन असे की, तिच्यातील एखादे सुटे सूत्र उचलून त्याला देलाक्र्वाचा सिद्धान्त म्हणण्यात तिचे मोल नसून, एकाच प्रश्नाकडे तो वर्षानुवर्षे परत परत कसा वळतो आणि स्वतःचेच आधीचे उत्तर कसे दुरुस्त करतो, हे पाहण्यात आहे. तो प्रश्न असा : पहिल्या कल्पनेत जे चैतन्य असते, ते कृती पूर्ण होईतो टिकते कसे?

२

१८३२ च्या जानेवारीत देलाक्र्वा काँत द मॉर्ने याच्या राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोत उतरला. टँजिअर, मेक्नेस असा प्रवास करून, परतीच्या वाटेवर अल्जिअर्स येथे जेमतेम तीन दिवस थांबून, तो जुलैमध्ये फ्रान्सला पोहोचला. या सहा महिन्यांत त्याने टिपणवह्या भरून काढल्या. घाईने काढलेल्या आकृत्या, जलरंगांचे पुसट हात आणि त्यांच्या कडेला कोणत्या वस्त्राचा रंग कोणता याची शब्दांत केलेली नोंद, असे त्यांचे स्वरूप आहे. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला फार वेळ निरखणे जेथे शक्य नाही, तेथे चित्रकार स्मरणाला मदत म्हणून जे करील, तेच त्याने केले.

या घटनेला एकवीस वर्षे झाल्यावर, १७ ऑक्टोबर १८५३ रोजी, त्याने रोजनिशीत लिहिले ते मात्र स्मरणाच्या बाजूने नाही. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : आफ्रिकेतील प्रवासावरून बरे म्हणण्याजोगे काही मला करता आले, ते बारीकसारीक तपशील विसरून गेल्यानंतरच, तोपर्यंत मी हुबेहूबपणाच्या मागे लागलो होतो, आणि बहुसंख्य लोक त्या हुबेहूबपणालाच सत्य समजतात. हे विधान फार प्रसिद्ध आहे. स्वच्छंदतावादी कल्पनाशक्तीचा जाहीरनामा म्हणून त्याचा वारंवार हवाला दिला जातो. तपशीलाचे विस्मरण ही निर्मितीची पूर्वअट, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

हे विधान पडताळून पाहण्याची सोय खुद्द देलाक्र्वानेच करून ठेवली आहे. 'अल्जिअर्सच्या स्त्रिया' हा विषय त्याने दोनदा रंगविला. पहिले चित्र १८३४ चे असून ते लूव्र संग्रहालयात आहे. दुसरे, आकाराने पुष्कळ लहान, १८४९ चे असून ते मोंपेलिए येथील फाब्र संग्रहालयात आहे. पहिले चित्र प्रवासानंतर दोन वर्षांच्या आत झालेले, म्हणजे विस्मरणाच्या आधीचे. दुसरे सतरा वर्षांनंतरचे, म्हणजे त्याच्याच मापाने विस्मरणानंतरचे.

पहिल्या चित्रात तपशीलाची नुसती रेलचेल आहे. भिंतीवरील नक्षीदार फरशा, आरसा, अर्धवट उघडी तांबडी दारे, सतरंज्या, हुक्का, शेगडी, पायांतून निसटलेल्या सपाता आणि वस्त्रांवरील वेलबुट्टी यांतले काहीही चित्रकार विसरलेला नाही. दुसऱ्या चित्रात दृष्टिबिंदू मागे सरकले आहे. स्त्रिया आपल्यापासून दूर, अर्धवट अंधारात बसल्या आहेत. कृष्णवर्णी दासी पडदा उचलते आहे, आणि खोलीतील वस्तू सावलीत विरघळू लागल्या आहेत. १८५३ च्या सूत्राची कसोटी लावावयाची, तर दुसरे चित्र निःसंशय श्रेष्ठ ठरावयास हवे आणि पहिले हुबेहूबपणाच्या हव्यासाचे बळी ठरावयास हवे.

प्रत्यक्षात तसे घडत नाही. दुसऱ्या चित्राचे हुरहूर लावणारे गुण मान्य करूनही, पहिल्याला निव्वळ वृत्तनिवेदन म्हणण्यास कोणी धजणार नाही. रन्वारने १८७२ मध्ये अल्जिरियन वेषातील पॅरिसच्या स्त्रियांचे चित्र काढून ज्या कलाकृतीला मानवंदना दिली, किंवा पॉल सिन्याकने १८९९ मधील आपल्या पुस्तकात रंगविज्ञानाच्या दृष्टीने जिचे विवेचन केले, ती मुख्यत्वे १८३४ ची. पिकासोने १८५४ नंतर शंभर वर्षांनी, १९५४–५५ च्या हिवाळ्यात, याच विषयावर पंधरा चित्रांची मालिका रचली, तेव्हाही हा विषय संपलेला नव्हता.

असे का व्हावे? पहिल्या चित्रात तपशील आहे, पण तो सुटा नाही, हे याचे उत्तर होय. प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूशी रंगाच्या नात्याने बांधली गेली आहे. तांबड्याला हिरव्याचा आणि नारिंगीला निळ्याचा विरोध मिळून प्रत्येक रंग उजळतो, आणि त्याच विरोधांची लहान लहान आवर्तने फरशांपासून वस्त्रांच्या काठांपर्यंत चालू राहिल्याने नजर एकाच ठिकाणी खिळून राहत नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही जी लयतत्त्वे सांगितली, त्यांतील विरोधाने येथे प्रत्यक्ष समतोल साधला आहे. तपशील विसरला गेलेला नाही. तो अंकित झाला आहे.

विस्मरणाच्या सूत्राला दुसऱ्या बाजूनेही एक आक्षेप घेता येतो आणि तो नजरेआड करणे योग्य होणार नाही. अल्जिअर्स शहर १८३० मध्ये फ्रेंचांनी जिंकले होते. त्या जिंकलेल्या शहरातील अंतःपुरात परक्या पुरुषाला डोकावता आले, ते या सत्तेच्या आडोशाने. अल्जिरियाच्या लेखिका आसिया जेबार यांनी १९८० मध्ये याच चित्राचे नाव आपल्या कथासंग्रहाला देऊन, चित्रातील नजर ही चोरटी नजर आहे याकडे लक्ष वेधले. चित्रकार ज्याला 'बारीकसारीक तपशील' म्हणतो, तो त्या स्त्रियांचा संसार असतो. त्याने काय विसरावे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. या आक्षेपाने चित्राचे रंगमूल्य कमी होत नाही. परंतु विस्मरणाला निरपवाद सद्गुण मानण्याची सोय मात्र उरत नाही.

३

देलाक्र्वाच्या मनातही हे सूत्र स्थिरावलेले नव्हते, याचा पुरावा रोजनिशीतच आहे. त्याच वर्षीच्या, म्हणजे १८५३ च्या, एप्रिल महिन्यात केवळ आठवड्याभराच्या अंतराने त्याने दोन नोंदी केल्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. पहिलीत तो म्हणतो की, चित्र पूर्ण करावयाचे तर ते थोडेसे बिघडवावेच लागते. भागाभागांत मेळ आणण्यासाठी जे शेवटचे हात फिरवावे लागतात, ते पहिला ताजेपणा हिरावून घेतात. दुसरीत तो शोपँच्या वादनावरून निघालेल्या एका संभाषणाचा उल्लेख करतो. शोपँचे उत्स्फूर्त वादन त्याच्या पूर्ण केलेल्या रचनांपेक्षा अधिक धीट असे, असे मत तेथे निघाले. त्यावर विचार करताना देलाक्र्वाला कच्चे रेखाटन आणि पुरे चित्र यांची जोडी आठवते. पण लगेच तो स्वतःला अडवतो : नाही, पूर्ण केल्याने चित्र बिघडत नाही, फार तर इतके म्हणता येईल की, पूर्ण झालेल्या कृतीत पाहणाऱ्याच्या कल्पनेला रेखाटनाइतका वाव उरत नाही. बांधकाम चालू असलेली इमारत आणि साजशृंगार पुरा झालेली तीच इमारत, यांचा ठसा वेगवेगळा उमटतो. भग्न वास्तूही तिच्या नाहीशा झालेल्या भागांमुळेच अधिक भव्य वाटते.

या दोन नोंदींमधील विसंगती ही विचारातली ढिलाई नव्हे. पहिली नोंद हातात कुंचला असलेल्या माणसाची आहे, दुसरी चित्रापुढे उभ्या असलेल्या प्रेक्षकाची. देलाक्र्वा या दोन्ही जागा आलटून पालटून घेतो. रेखाटन आपल्याला मोहविते, कारण त्यातील रिकाम्या जागा आपण भरून काढतो. म्हणजे त्या मोहाचे काही श्रेय रेखाटनाचे नसून आपले स्वतःचे असते. हे एकदा ओळखले म्हणजे 'पहिला आवेग तेवढा खरा, पुढचे सारे कारागिरीचे' हे लोकप्रिय मत टिकत नाही.

पुढच्याच वर्षी, २३ एप्रिल १८५४ च्या नोंदीत, या दोन्ही बाजूंना सामावून घेणारे उत्तर त्याला सापडते. पहिली कल्पना, म्हणजे रेखाटन, हे त्या कल्पनेचे अंडे किंवा गर्भ होय, असे तो म्हणतो. त्यात सर्व काही असते, परंतु ते उलगडून काढावयाचे असते. आणि मग तो मुद्द्याची गोष्ट सांगतो. रेखाटन हे कल्पनेचा सारभूत आविष्कार ठरते, ते त्यात तपशील गाळलेला असतो म्हणून नव्हे, तर जो काही तपशील असतो तो नजरेत प्रथम भरावयाच्या प्रमुख रेषांना पूर्णपणे अंकित असतो म्हणून. खरी अडचण पुढे येते. चित्र रंगवू लागले की एकेक तपशील पुन्हा उभा राहतो, आणि त्या मूळ गौणत्वातच त्याला ठेवणे थोर चित्रकारांनाही जड जाते.

१८५३ चे 'विस्मरण' आणि १८५४ चे 'अंकितत्व' यांत केवळ शब्दांचा फरक नाही. विस्मरण ही आपोआप घडणारी गोष्ट आहे. तिच्यासाठी काळ जाऊ द्यावा लागतो. अंकितत्व ही करावयाची गोष्ट आहे. तिच्यासाठी प्रत्येक क्षणी निवड करावी लागते. पहिल्या सूत्राने १८३४ चे चित्र समजावून देता येत नाही, दुसऱ्याने येते. किंबहुना असे म्हणता येईल की, वीस वर्षांपूर्वी हाताने जे साधले होते, त्याचे नाव सापडावयास लेखणीला इतका वेळ लागला. कलावंताचे विधान आणि कलावंताची कृती यांत तफावत आढळली, तर विधान टाकून देण्याची घाई न करता, त्याच कलावंताचे दुसरे विधान त्या कृतीला अधिक लागू पडते काय, हे समीक्षकाने पाहावे, हा धडा यातून घेता येतो.

या संदर्भात शोपँशी झालेल्या आणखी एका संभाषणाचे स्मरण होते. ७ एप्रिल १८४९ रोजी गाडीतून फेरफटका मारताना देलाक्र्वाने त्याला विचारले की, संगीतात तर्क कशाने येतो. शोपँने त्याला स्वरांच्या परस्परानुबंधाचे शास्त्र समजावून दिले. संगीतातला शुद्ध तर्क तो हाच, असे त्याचे म्हणणे होते. शोपँ तेव्हा क्षयाने खंगला होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचा अंत झाला. घरी येऊन देलाक्र्वाने जो निष्कर्ष लिहिला, तो स्वच्छंदतावादाचा अध्वर्यू म्हणविल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडी अनपेक्षित वाटतो : खरे शास्त्र कलेहून निराळे नाही, आणि कला ही कोठून तरी अवचित येणारी स्फूर्ती नसून, प्रतिभेने मंडित झालेली पण उच्चतर नियमांनी बांधलेली बुद्धीच होय. पाच वर्षांनी सापडलेल्या 'अंकितत्वा'चे बीज येथे आहे.

४

या चिंतनाचे स्थान निर्मितिविषयक प्रचलित उपपत्तींच्या संदर्भात कोठे लागते, ते आता पाहू. क्रोचेने १९०२ च्या आपल्या सौंदर्यशास्त्रात अशी भूमिका घेतली की, अंतःप्रज्ञा आणि अभिव्यक्ती एकच आहेत. कलाकृती मनात पूर्ण होते. रंग, दगड वा कागद यांच्याद्वारे तिचे बाह्यीकरण करणे ही व्यावहारिक क्रिया आहे, कलात्मक नव्हे. रा. भा. पाटणकर प्रभृतींनी मराठीत या मताचा साक्षेपी परामर्श घेतला आहे. देलाक्र्वाची साक्ष या मताला अर्धीच अनुकूल आहे. पहिल्या कल्पनेत सर्व काही असते, हे तो मान्य करतो. पण त्याच्या लेखी 'असणे' म्हणजे अंड्यात पक्षी असणे होय. रंगाचा हात फिरताना प्रत्येक वेळी ते 'सर्व काही' धोक्यात येते, आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा मिळवावे लागते. जी क्रिया कल्पनेला मारू शकते किंवा जगवू शकते, ती केवळ व्यावहारिक कशी मानावी?

आपल्या साहित्यशास्त्रातील एक जुना वाद येथे अधिक उपयोगी पडतो. जगन्नाथ पंडिताने काव्याचे कारण म्हणून केवळ प्रतिभेचा स्वीकार केला. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तिघांची नावे घेतली. परंतु ही तीन वेगवेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच हेतू होय, हे दर्शविण्यासाठी त्याने 'हेतु' हा शब्द एकवचनी योजला, असे टीकाकार सांगत आले आहेत. हे एकवचन देलाक्र्वाच्या अनुभवाशी नेमके जुळते. आधी प्रतिभा, मग निपुणता, शेवटी अभ्यास, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना त्याच्या रोजनिशीत आढळत नाही. शेवटच्या हातातही पहिल्या कल्पनेची शक्ती असावी लागते, आणि पहिल्या रेखाटनातही वर्षांचा अभ्यास मुरलेला असतो. अर्थात मम्मट काव्याविषयी बोलत होता, हे विसरता कामा नये; काव्यात तपशील एकामागून एक येतात, तर चित्रात ते एकाच वेळी डोळ्यांपुढे उभे राहतात. देलाक्र्वाला हा भेद चांगला ठाऊक होता. म्हणूनच गौणत्व राखण्याचा प्रश्न चित्रकाराला कवीपेक्षा अधिक निकराने भेडसावतो.

५

या विचाराची अखेरची कसोटी पॅरिसमधील सँ-स्युल्पीस चर्चच्या एका प्रार्थनागृहात लागली. तेथील भित्तिचित्रांचे काम देलाक्र्वाकडे १८४९ मध्ये आले आणि ते पुरे होऊन लोकांसाठी खुले झाले १८६१ मध्ये. आजारपण, इतर कामे आणि भिंतीचा मोठा विस्तार यांमुळे मध्ये बारा वर्षे गेली. एका भिंतीवर देवदूताशी रात्रभर झुंजणारा याकोब आहे. समोरच्या भिंतीवर मंदिर लुटावयास आलेल्या हेलिओडोरसचे पारिपत्य आहे. छतावर संत मायकेल आहे. पहिली कल्पना बारा वर्षे जिवंत ठेवणे, याचा अर्थ येथे सूत्ररूपाने नव्हे तर शरीराने समजून घ्यावा लागला.

१ जानेवारी १८६१ रोजी, काम अखेरच्या टप्प्यात असताना, त्याने जे लिहिले त्याचे तात्पर्य असे : चित्रकला एखाद्या हट्टी प्रेयसीप्रमाणे आपल्याला हजार तऱ्हांनी छळते, दुरून जे सहज जिंकता येईल असे वाटत होते, ते जवळ गेल्यावर भयंकर अडचणींनी भरलेले निघते, आणि तरीही ही अखंड झुंज आपल्याला खचविण्याऐवजी उभारी देते, हे कसे? या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. ज्या भिंतीवर तो काम करीत होता, तिच्यावर झुंजीचेच चित्र होते, ही गोष्टही तो बोलून दाखवीत नाही. आपणही तिला रूपक म्हणून ताणू नये. याकोबाच्या चित्रात खाली उजव्या बाजूस त्याने उतरवून ठेवलेली वस्त्रे आणि शस्त्रे यांचा ढीग आहे. तो अतिशय प्रेमाने रंगविला आहे, तरीही तो झुंजणाऱ्या आकृतींवरून नजर ढळू देत नाही. तपशील न विसरता त्याला गौण ठेवणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. कलावंताचे आत्मकथन हे निर्मितीचे छायाचित्र नसते. ते बहुधा उशिरा लिहिलेले असते, स्वतःच्या यशापयशाने रंगलेले असते, आणि कित्येकदा कृतीला लागू पडत नाही. परंतु ते दीर्घकाळ चाललेले असेल, आणि लिहिणारा स्वतःला खोडून काढण्याइतका प्रामाणिक असेल, तर त्यातील दुरुस्त्या आपल्याला निर्मितीविषयी जे सांगतात, ते कोणतेही एक सुभाषित सांगू शकत नाही. देलाक्र्वाच्या रोजनिशीतून प्रतिभेची व्याख्या मिळत नाही. पहिली कल्पना ही मिळकत नसून जबाबदारी आहे, आणि कृती पूर्ण करणे म्हणजे ती जबाबदारी शेवटच्या हातापर्यंत निभावणे होय, हे मात्र मिळते. कलाकृतीतील 'स्फूर्त' आणि 'कृत्रिम' भाग वेगळे काढून दाखविण्याची जी सवय आपल्या समीक्षेला जडली आहे, तिचा पुनर्विचार करण्यास एवढे पुरेसे आहे.